थुंकी न लावता पाच सुया

खाला, तुला जाऊन आज तेरा दिवस झाले. तुमच्यात तेराव्याचं काही नसतं, मला ठाऊक आहे, पण माझ्या अंगात ते मुरलेलं आहे, म्हणून आज लिहायला बसले. रडायला नाही, रडून झालं. भांडायला बसले आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि तू नेहमीसारखी मधेच ‘जरा पडते’ म्हणून आत गेलीस ती गेलीसच.

तुझ्या माघारी काय झालं ते आधी सांगते. नवव्या दिवशी देवकुळे आला. मंगळवार होता, दुपारच्या शिफ्टचा भोंगा नुकताच झाला होता. थर्मामीटरच्या कारखान्याचा सुपरवायझर तुझ्या दारात उभा, दोन्ही हात पँटच्या खिशात. “जोहराबींचं फार वाईट झालं,” म्हणाला. मग खिशातून एक कागद काढून त्यानं तुझ्या शिलाईच्या मशीनवर टाकला आणि हात पुन्हा खिशात. त्याला सहा मुली हव्या होत्या. नावं त्यानंच गेटवर गोळा केली होती, पण पाचजणींच्या आया अडून बसल्या होत्या. जोहराबीच्या शिवणक्लासातली कुसुम हो म्हणू दे, मग पाठवतो, असं त्यांचं म्हणणं. “आता हे काम तुम्हीच करायचं, कुसुमताई. जोहराबी नडायच्या. तुम्ही समजूतदार आहात.” शुक्रवारी येतो म्हणाला आणि गेला.

मी कागद उचलला. सहावं नाव मंदाचं होतं. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं, तिच्याच अक्षरात. तिला कुणाच्या हो-नाहीची गरज वाटली नव्हती. मी खाली, शिवायला घेतलेल्या निळ्या डांगऱ्यांच्या ढिगावरच बसले.

तू असतीस तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे. तू मंदाला बोलावलं असतंस, सुया ओवायला लावल्या असत्यास आणि नापास केलं असतंस. मला केलंस तसंच. आपलं भांडण तिथंच तर आहे.

पहिल्यांदा तुझ्या दारात आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि आईनं माझा दंड धरला होता. वडिलांच्या कंपनीला टाळं लागून चार महिने झाले होते. त्या कंपनीच्या भरवशावर आम्ही बार्शीहून पिंपरीला आलेलो, आणि वडील दिवसभर खाटेवर बसून दुसऱ्यांच्या कंपन्यांचे भोंगे ऐकायचे. मला नोकरी मिळायलाच हवी होती. कुणीतरी आईला सांगितलं, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घालून वाट बघत बसू नका, शिवणक्लासवाल्या जोहराबीकडं जा. तू कंपन्यांच्या कामगारांच्या डांगऱ्या शिवायचीस. मापं घेऊन येणारे सुपरवायझर जाता जाता म्हणायचे, जोहराबी, बारीक कामाला चार पोरी बघून द्या. तू बघून द्यायचीस. तुझी पोरगी कुठल्या साहेबानं परत पाठवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मी मार्कशीट घडी करून पिशवीत आणली होती. तू ती उघडूनसुद्धा बघितली नाहीस. माझ्या मांडीवर काळं कापड टाकलंस, त्यावर बारीक सुया आणि काळा दोरा. “पाच सुया ओव. थुंकी लावायची न्हाई.” मी ओवल्या. तू सुयांकडं बघतच नव्हतीस, माझ्या मनगटाकडं बघत होतीस. मग विचारलंस, “आजून कुणाला नाव दिलंयस?”

मी म्हटलं, कुणालाच नाही.

“खरं सांग. एकाच सायबाच्या टेबलावर दोघांनी तुजं नाव टाकलं, तर तो दोनी कागद फेकतो. त्याला वाटतं, ही पोरगी कुणाचीच न्हाई.”

दोन ठिकाणी दिलं होतं. एका मुकादमाला आणि आईच्या ओळखीच्या एका क्लार्कला. तू म्हणालीस, “जा, दोनीकडनं काढून घे, मग ये. मी बसलीय हितंच.” आई रस्ताभर तुला नावं ठेवत होती, काय हा तोरा म्हणून. मी गेले, काढून घेतलं आणि परत आले. आठवड्यात चिंचवडला रेडिओच्या कॉइली गुंडाळायच्या कामावर लागले. निघताना तू बजावलंस, पहिल्या पगाराला पेढे नकोत, पण दर रविवारी येऊन काय चाललंय ते सांगायचं. साहेब कसा आहे, बसायला काय आहे, खिडकी आहे का, मुतारी कुठं आहे. “मी तुला तिकडं पाठवलंय. तिकडं काय हाय ते मला कळाया नको?”

ते रविवार आठवतात, खाला. आठ-दहा पोरी तुझ्या ओट्यावर, कुणी भोसरीची, कुणी आकुर्डीची, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. तू चष्मा कपाळावर ढकलून कुणाच्या तरी हातात सुई द्यायचीस. “जरा ओवून दे गं, मला मेलीला दिसत न्हाई.” पोरगी बोलता बोलता ओवून द्यायची. मग दुसरीला. आम्हाला वाटायचं, बिचारीचे डोळे गेले. आणि तीच तू पलीकडच्या गल्लीतून जाणाऱ्या पोराच्या शर्टाचं बटण तुटलेलं ओळखायचीस. हे दोन्ही मी दर वेळी बघत होते आणि तरी माझ्या डोक्यात काही उजाडलं नाही. मी स्वतःला फार हुशार समजायचे.

आत भिंतीवर तू एक निळा तुकडा खिळ्यानं ठोकला होतास, वितभर ड्रिलचं कापड आणि त्यावर ओळीनं बटणांची बारा काजं. तसली काजं मी पुन्हा बघितली नाहीत. एकही टाका इकडचा तिकडं नाही. मी एकदा विचारलं, कुणी केली? “होता एक,” म्हणालीस, आणि मशीनचं पायडल जोरात मारायला लागलीस.

दीड वर्षांनी कॉइलीचं काम बंद झालं. आम्हा सगळ्यांना एकाच दिवशी घरी पाठवलं. तेव्हा कळलं की थर्मामीटरवाल्यांना पोरी हव्यात. बसून काम, वर पत्रा नाही, स्लॅब, न्यायला-आणायला गाडी. मी धावत तुझ्याकडं आले. तू ऐकून घेतलंस, काळं कापड टाकलंस आणि पाच सुया दिल्यास. मी पाचही ओवल्या, आधीपेक्षा लवकर. तू कापड झटकलंस आणि म्हणालीस, “हात हलतोय तुजा. तिकडचं काम तुला झेपायचं न्हाई.”

कुणी तोंडात मारावी तसं झालं मला. माझा हात हलत नव्हता. तुलाही ते माहीत होतं. मी म्हटलं, पुन्हा ओवते. तू उठून चुलीकडं गेलीस. त्या दिवसापर्यंत मी तुला अहो-जाहो करायचे. दारातून ओरडले, “तू कोण लागून गेलीस माझा हात ठरवणारी?” तेव्हापासून तू ‘अहो’ची ‘तू’ झालीस ती कायमची. नंतर तूच हसायचीस त्यावर, भांडून जवळ आलेली पोरगी म्हणायचीस.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर गेले. देवकुळेनं मला काही म्हणजे काहीच विचारलं नाही. आधी कुठं होतीस, का सोडलंस, घरी कोण, काही नाही. फक्त बोटं बघितली आणि उद्यापासून ये म्हणाला. मला तो फार बरा माणूस वाटला. जो काहीच विचारत नाही, त्याला आपल्याशी काही देणंघेणं नसतं, एवढं साधं मला अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात कळलं नाही.

त्या कारखान्यात काय होतं ते मी तुला नंतर तुकड्यातुकड्यानं सांगितलं, पण सरळ कधीच नाही. काचेच्या केसासारख्या बारीक नळ्या आणि त्यात भरायचा पारा. खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं दिवे हलतात. पारा सांडायचा. टेबलाच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, आमच्या चपलांच्या टाचांत. दुपारच्या सुट्टीत आम्ही तो तळहातावर घेऊन पळवायचो, एकीच्या हातातून दुसरीच्या. किती देखणा दिसायचा. संध्याकाळी झाडूवाली तो केरसुणीनं गोळा करायची आणि तो हजार दाणे होऊन पुन्हा पसरायचा.

पहिल्याच दिवशी देवकुळेनं सांगितलं, सोनं घालून यायचं नाही. आम्हा मुलींना वाटलं, आमच्यावर चोरीचा आळ घालताहेत, उद्या झडती घ्यायला लागतील. माझा पारा चढला. म्हणजे माझ्या आजीची अंगठी मी काढून ठेवायची आणि ती कुणाच्या भीतीनं? मी रोज मुद्दाम घालून जायचे, खडा आत वळवून. दोन महिन्यांत अंगठी पांढरी पडली. पिवळ्याधमक सोन्याची चांदीसारखी झाली. आईनं कपाळाला हात लावला आणि आम्ही तिघी, आई, मी आणि परकरातली मंदा, पेठेतल्या सोनाराच्या दुकानात जाऊन भांडलो. बार्शीला त्याच्याच भावानं ती घडवली होती. आईनं त्याला भर दुकानात लबाड म्हटलं, पितळ गळ्यात मारलंस म्हणाली. त्यानं काही न बोलता अंगठी विस्तवावर धरली आणि ती हळूहळू पुन्हा पिवळी झाली. मग त्यानं आईला सोडून माझ्याकडं बघितलं. “ही कुठं ठेवता तुम्ही?” म्हणाला. मी म्हटलं, बोटात. तो अंगठी परत देऊन आत वळला. आई घरी येताना म्हणाली, पकडला गेला ना, म्हणून गप्प बसला.

 पाऱ्यानं सोन्याचं काय होतंय ते आम्हाला दिसलं आणि आम्ही सोनाराशी भांडलो. ज्या बोटात ते सोनं होतं त्या बोटाचा विचार तिघींपैकी एकीलाही आला नाही.

मग तोंडाला पैसा चोखल्यासारखी चव यायला लागली. हिरड्यांतून रक्त. झोप गेली. कुणी काही विचारलं की रडू यायचं, नाही तर मी ताट आपटायचे. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझा स्वभाव मुळातलाच तिखट. रविवारी तुझ्याकडं येणं मी सोडलं होतं. मला जिंकलेलं तोंड घेऊन यायचं होतं आणि ते तोंड दिवसेंदिवस जास्तच दुखत होतं.

तिथल्या कामाच्या अकराव्या महिन्यात ईदेला तू स्वतः आमच्या घरी आलीस, शीरखुर्म्याचं पातेलं फडक्यात बांधून. आईशी गोड गोड बोललीस. मग पिशवीतून सुई काढलीस. “ओवून दे गं कुसुम, मला दिसत न्हाई.”

मला जमेना. दोरा भोकाजवळ जायचा आणि निसटायचा. तिसऱ्यांदा मी चोरून थुंकी लावली, तरी नाही. तू माझं मनगट धरलंस. तुझा हात किती गरम होता ते मला अजून आठवतं. आईला म्हणालीस, “माज्या क्लासाला एक बाई पायजे. हिला उद्यापासनं धाडा.” बस, एवढंच. आईला वाटलं, जोहराबीला पोरीची दया आली. मला पहिल्यांदाच कळलं की तुझे डोळे शाबूत आहेत.

तू मला तिथून काढलंस. ते उपकार मी कुठं फेडू? तुझ्या ओट्यावर उन्हात बसवून तू मला लिंबू-साखरेचं पाणी पाजलंस, गुळण्या करायला लावल्यास. दवाखान्यातला डॉक्टर रक्त कमी आहे म्हणाला आणि तू त्याच्याकडं असं बघितलंस की तो स्टेथोस्कोप आवरून आत गेला. वर्षभरानं हिरड्या बऱ्या झाल्या, झोप आली. हाताचा कंप मात्र थोडा राहिला. तुला माहीत होतं आणि मला. क्लासात सुया मुलींनाच ओवायला सांगायचे मी. तुझंच वाक्य उचललं होतं मी, मला दिसत नाही म्हणून. माझे डोळे चांगले खणखणीत आहेत.

आणि आता भांडण. मी तुला पहिल्यांदा विचारलं तेव्हा तू डांगरीचा खिसा लावत होतीस. मी म्हटलं, तुला माहीत होतं तर सरळ का नाही सांगितलंस? मला नापास का केलंस?

“सांगितलं आसतं तर तू गेली नसतीस?”

“नसते गेले.”

“आन् साऱ्या पिंपरीला सांगत फिरली आसतीस. कारखान्याचं नाव माज्या तोंडून गेलं की सगळ्या कंपन्यांची दारं मला बंद. हे सायब लोक एकमेकांबरोबर जेवत्यात. मग बाकीच्या पोरी मी कुठं धाडायच्या?”

“म्हणजे बाकीच्यांसाठी मी मेले तरी चालेल.”

“मी तुला जा म्हणले न्हाई, कुसुम. जाऊ नको म्हणले.”

“हात हलतोय म्हणालीस. हलत नव्हता. तू खोटं बोललीस म्हणून मी हट्टानं गेले.”

तू खिशाची शिवण उसवलीस. नीट होती, तरी उसवलीस आणि पुन्हा घातलीस.  मग यंदा मंदा मॅट्रिक झाली तेव्हा तू माझ्यावर उलटलीस. “तिला सांग. तुजा हात दाखीव तिला.” मी साफ नाही म्हटलं. घरात मी सांगितलं होतं की सुपरवायझरशी बाचाबाची झाली म्हणून काम सोडलं. सगळ्यांना ते लगेच पटलं. हात थरथरणारी मुलगी म्हटल्यावर माझं तर सोडच, मंदाचंही लग्न कोण जमवणार? त्यांच्या घरात काहीतरी आहे म्हणतील. तू म्हणालीस, “व्हय, आन् आपण दोघी गप बसून ऱ्हाऊ. मी सायबाच्या भ्यानं, तू सोयऱ्याच्या.” मला राग आला. मी मशीनवर झाकण टाकलं आणि चालू लागले. पुढच्या आठवड्यात तुला ताप आला आणि मग ती गोष्ट काढायला जागाच राहिली नाही. शेवटच्या रविवारी ओट्यावर पोरी जमल्या, नेहमीसारख्या बोलत बसल्या, आणि आत तू गेलीस. त्यांना मी येऊन सांगेपर्यंत त्या तुझी वाट बघत होत्या.

मंगळवारी संध्याकाळी कागद घेऊन मी घरी गेले. मंदाला म्हटलं, नाव काढून घे.

“का?”

“मी सांगते म्हणून.”

“तुला तिथं जमलं नाही, म्हणून मीही जायचं नाही का ताई? तू भांडलीस साहेबाशी. मी नाही भांडणार.”

“तुझा हात हलतो,” मी म्हटलं.

खाला, ते शब्द माझ्या तोंडून असे गेले, जसे काही तिथंच तयार बसले होते. मंदानं उठून सुई घेतली आणि एका झटक्यात ओवून माझ्यासमोर धरली.  तिच्या डोळ्यांत मला मीच दिसले, तुझ्या दारातून ओरडणारी. बुधवारी आणि गुरुवारी ती माझ्याशी बोलली नाही. शुक्रवारी मात्र माझ्या आधी क्लासात येऊन बसली, मी तिचं नाव खोडते की काय ते बघायला.

देवकुळे चारला आला. आल्या आल्या त्याची नजर भिंतीवरच्या निळ्या तुकड्याकडं गेली. आधीही जायची, मी लक्ष दिलं नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि हात मांडीखाली घेतले. मी चहा टाकायला आत गेले.

तू त्याला नेहमी काठोकाठ भरलेला कप द्यायचीस, बशीवर. मी कुरकुर करायचे, तो माणूस कधी प्यायला आहे का, दर वेळी ओतून टाकावा लागतो. “बघते,” म्हणायचीस फक्त. मला वाटायचं, पाहुणचाराची तुझी रीत असेल. काल चहा गाळताना माझा हात कपावर थांबला. मी तो काठापर्यंत भरला आणि मंदाला म्हटलं, साहेबांना दे.

देवकुळे बोलत होता. बसून काम आहे, गाडी आहे, आता पंखेही लावलेत. मंदा माना डोलावत होती. कप त्याच्यासमोर तसाच.  शेवटी मंदाच म्हणाली, “घ्या ना साहेब, गार होतोय.”

“नको, आत्ताच झाला.”

“घोटभर तरी. मला शकुनाचा होईल.”

त्याला नाही म्हणता आलं नाही. त्यानं मांडीखालून दोन्ही हात काढले. कप उचलायच्या आधीच बशी वाजायला लागली. दोन्ही हातांनी धरला तरी चहा हिंदकळत त्याच्या बोटांवर आला, शर्टावर आला, मांडीवरच्या कागदावर आला. त्यानं कप खाली ठेवायचा प्रयत्न केला आणि तो आडवा झाला. इतकी वर्षं मी त्याच्या खिशातल्या हातांना साहेबी थाट समजत होते. मंदा उभी राहिली होती. ती त्याच्या हातांकडं बघत होती आणि नजर काढत नव्हती.

“तुम्हाला कुणी पाठवलं होतं तिथं?” मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक.

तो भिंतीकडं बघून म्हणाला, “जोहराबींनी. पहिला मीच. इथं काजं करायचो मी, त्या खिडकीत बसून. कारखाना नवा होता, त्यांना स्थिर हाताचा माणूस हवा होता. जोहराबी म्हणाल्या, कापडात कशाला मरतोस, तिकडं साहेब होशील.” मग ओल्या बोटांकडं बघून म्हणाला, “झालो.”

“मग या पोरी कशाला मागताय?”

“पोरी दिल्या नाहीत तर मला परत नळ्या भरायला बाकावर बसवतील, कुसुमताई. या हातांनी बाकावर काय करू?”

तो उठला. कागद तसाच राहिला, ओला. दारातून वळून सोमवारी येतो म्हणाला, आणि ते धमकीसारखं नव्हतं, ते जास्त वाईट होतं. सोमवारी तो येईलच. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाकडं जाईल. गेट उघडंच आहे.

म्हणजे तुझ्या त्या नापासात हे होतं. तू साहेबांना भीत होतीसच, पण त्याहून जास्त तू त्या बारा काजांना भीत होतीस. तुझ्याच हातानं पहिला माणूस आत गेला, हे एका पोरीला सांगितलं असतंस तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं. म्हणून तू आमचे स्थिर हात हलते ठरवलेस. त्याला काठोकाठ चहा देत राहिलीस आणि किती बिघडलंय ते बघत राहिलीस. किती वर्षं, खाला? एकटीनं? मला सांगितलं असतंस तर मी भांडले असते, किंचाळले असते, पण तुझ्याजवळ बसले असते. मला तुझा फार राग येतोय. आणि तू आता दारातून आलीस तर मी आधी तुझे पाय धरीन, मग भांडीन.

मंदा अजून उभीच होती. “ताई, तू कशानं सोडलंस तिथलं काम?”

मी तुझी सुयांची डबी काढली. मांडीवर काळं कापड टाकलं. खिडकीत चांगला उजेड होता. थुंकी न लावता दोरा धरला आणि तिच्यासमोर ओवायला लागले. पहिल्यांदा गेला नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा दोरा भोकाला लागून वाकला. मंदा पुढं झाली, मी तिला हातानं मागं सारलं. पाचव्यांदा गेला. अशा पाच सुया मी ओवल्या, सगळ्या. बराच वेळ लागला. ती शेवटपर्यंत बसली. तिला अंगठी आठवली, सोनाराचं दुकान आठवलं. तिनं तो ओला कागद ओढला आणि आपलं नाव खोडलं. चहानं शाई आधीच पसरली होती.

पाच नावं उरली आहेत. एक संत तुकाराम नगरातली, दोन कासारवाडीच्या, दोन भोसरीच्या. माझ्या हाताची गोष्ट उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत जाईल, आणि साहेबांच्या कानावर सोमवारी. डांगऱ्यांचं काम बंद होईल, कदाचित चांगल्या कंपन्याही पोरी मागायच्या थांबतील. मंदाला आणि मला बघायला येणारे पाहुणे विचार करतील. तू ज्याला भीत होतीस आणि मी ज्याला भीत होते ते सगळं होईल. आज आईला सांगितलं. ती म्हणाली, त्या सोनाराची माफी मागायला हवी.

उद्या रविवार आहे. पोरी ओट्यावर जमतील तेव्हा मी त्यांना एक नवी गोष्ट शिकवणार आहे. कुणीही तुम्हाला कामावर पाठवायला निघालं की साहेब कसा आहे, गाडी आहे का, हे नंतर. आधी विचारायचं, तू यापूर्वी ज्यांना तिथं पाठवलंस त्या आता कुठं आहेत, मला त्यांना भेटायचंय. तुला हे कुणी विचारलं असतं तर तू काय केलं असतंस, खाला? मला वाटतं, तू सांगितलं असतंस. आम्ही कुणी विचारलं नाही, एवढंच.

मग तिथून पाच घरी जायचं आहे. मंदा सोबत येते म्हणाली. मी त्या पोरींना नापास करणार नाही. त्यांचे हात स्थिर आहेत, ते मी त्यांच्या आयांसमोर सांगेन. काळं कापड आणि तुझी डबी पिशवीत भरून ठेवली आहे. पोरींना सुया द्यायच्या नाहीत. मी ओवणार आहे.